नंबर लागण्याचे दिवस

आमच्या लहानपणी बेळगावात कोणी मोटार 'घेत' नसे. मोटारीचा 'नंबर लागत' असे. "टिळकवाडीतल्या डॉक्टरांचा नंबर लागला म्हणे" ही वार्ता ज्या स्वरात सांगितली जाई, त्याच स्वरात एखाद्याच्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचे सांगत. दुकानात जावे, चार वस्तू पाहाव्यात, एक पसंत करावी आणि पैसे मोजावेत, या व्यवहाराला मराठीत 'घेणे' हे साधे क्रियापद आहे. मोटारीच्या बाबतीत ते क्रियापद तब्बल तीस वर्षे गैरहजर होते, ही गोष्ट मला पुष्कळ काळ जाणवलीच नाही. अलीकडे जुनी कागदपत्रे आवरताना वडिलांचे डाकघराचे एक पासबुक हाती लागले आणि या विषयाकडे वळावेसे वाटले.

सामान्य माणूस कोणती मोटार चालवतो आणि तीच का निवडतो, असा प्रश्न केला तर किंमत, पेट्रोलचा खर्च, रंगरूप आणि हौस अशी चार उत्तरे सहज मिळतात. ती खोटी नाहीत. पण आपल्याकडच्या मोटारींचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर ती चारही दुय्यम ठरतात, असे माझे मत झाले आहे. वाहन बंद पडले तर पुढे काय, ही धास्ती आपल्या निवडीच्या मुळाशी होती. आणि निवडीला मुळात काय ठेवायचे, हे ग्राहकापेक्षा सरकारी आदेशच अधिक ठरवीत होते.

माझे वडील वकिली करीत. खानापूर, चिकोडी, हुक्केरी असे तालुक्याच्या कोर्टांचे त्यांचे फिरणे असे आणि ते सारे एस.टी.ने होई. १९६६ साली त्यांनी फियाटसाठी नाव नोंदवले. अँबॅसिडर का नाही, असे घरात कोणी विचारल्याचे आठवत नाही, कारण तो निर्णय वडिलांचा नव्हताच. गोवावेशीत एक मिस्त्री होते. त्यांचा हात फियाटवर बसलेला होता. वडील सल्ला विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "वकीलसाहेब, गाडी कुठलीबी घ्या. पण पार्ट गावात मिळतोय काय, तेवढं बघा." हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे वापरले गेले, अगदी सोयरीक जुळवतानासुद्धा.

नोंदणी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. १९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला होता. त्यानुसार विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, क्रमानेच गाडी द्यायची आणि नवी गाडी घेणाऱ्याने दोन वर्षांच्या आत ती परवानगीवाचून विकायची नाही, असा दंडक होता. नोंदणीची ठेव डाकघराच्या बचत खात्यात भरून ते पासबुक तारण म्हणून अडकवून ठेवावे लागे. वर उल्लेख केलेले पासबुक ते हेच. एखाद्या वस्तूची टंचाई असते तेव्हा ती फिरवून विकण्यात नफा असतो, म्हणून हे बंधन. परंतु बंधन घातल्याने टंचाई जात नाही, हे उघड आहे. वरचे पैसे देऊन, म्हणजे बाजारच्या भाषेत 'ऑन' देऊन, नंबर वर सरकवता येतो अशी कुजबुज असे. आमच्या विक्रेत्याच्या माणसानेही तसे एकदा सुचवले होते. वडिलांनी ते ऐकून घेतले, आणि त्यानंतर त्या दुकानात पाऊल टाकले नाही. पत्रव्यवहार मात्र चालू ठेवला.

गाडी हाती आली ती १९७३ साली, म्हणजे सात वर्षांनी. आणि जी नोंदवली होती ती आलीच नाही! नोंदवली होती 'फियाट'. आली ती 'प्रीमियर प्रेसिडेंट'. मधल्या काळात मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा इटलीतल्या फियाट कंपनीशी असलेला करार संपला होता आणि तीच गाडी कंपनीने नव्या नावाने काढली होती. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, तिचे नाव पुन्हा बदलून 'प्रीमियर पद्मिनी' झाले. पत्रा तोच, इंजिन तेच, आणि लोकांच्या तोंडी नावही शेवटपर्यंत तेच राहिले. पद्मिनीला पद्मिनी म्हणणारा माणूस मी क्वचितच पाहिला. सर्वांच्या लेखी ती फियाटच. या घराण्यातली पन्नाशीच्या दशकातली जी पहिली गोलमटोल ११०० होती, तिला तर मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' असे नाव देऊन टाकले होते. तिचे तोंड पाहिले की नावाचे समर्थन करावे लागत नाही. आज जुन्या मोटारींचे शौकीन हेच नाव अभिमानाने उच्चारतात.

ही पाळी का आली, त्याची मुळे थोडी मागे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे येणाऱ्या मोटारी बहुतेक परदेशीच. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला, फोर्डनेही त्याच सुमारास मद्रास, मुंबई, कलकत्ता येथे असेच काम सुरू केले. दुसरे महायुद्ध चालू असतानाच दोन देशी उद्योग उभे राहिले. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली काठेवाडातल्या ओखा बंदरात निघाली व पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. सोलापूरच्या मातीतून आलेल्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर १९४४ साली स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. वालचंदांनी विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने देशात काढायचा ध्यास घेतला होता. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि कोणीतरी तो या अंकांतून लिहावा.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने असा निर्णय दिला की, नुसते भाग जोडणाऱ्यांना येथे स्थान नाही. ज्यांच्याकडे देशातच गाडी घडवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनी राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. मागे राहिल्या तीन मोटारी : उत्तरपाड्याची अँबॅसिडर (इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा, १९५७ सालापासून), कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, जिची हेराल्ड १९६१ पासून दिसू लागली. तिघींचेही परवान्यातले उत्पादन ठरलेले. सत्तरीच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी निघत. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास कोटींच्या पुढे गेली होती.

या धोरणाची थट्टा करणे आता सोपे झाले आहे. मला ती पूर्णपणे पटत नाही. परकीय चलन तुटपुंजे होते, पोलाद कमी होते आणि धान्य परदेशातून आणावे लागत होते. अशा वेळी मोटारीला शेवटच्या पंगतीत बसवणाऱ्यांचे काही फार चुकले असे म्हणता येणार नाही. चुकले ते दुसरीकडे. मोटार ही चैन आहे, असे एकदा ठरवल्यावर ती चांगली असावी, सुरक्षित असावी, स्वस्त व्हावी, याची जबाबदारी कोणावरच उरली नाही. ग्राहक दहा वर्षे थांबायला तयार असेल तर कारखानदाराने दाराची कडी तरी का सुधारावी? सरकारने १९६९ साली किमतींवरही नियंत्रण आणले. त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मोटारीची वाजवी किंमत किती, याचा काथ्याकूट १९७१ साली देशातल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे झाला. वडील तो निकाल मिळवून वाचत बसले होते, हे मला आठवते. त्यांना त्यात कायद्याचा रस होता की गाडीचा, ते सांगता येत नाही.

या धोरणाने काय केले, हे समजून घ्यायला आम्हा बेळगावकरांना फार लांब जावे लागत नव्हते. घाट उतरला की गोवा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ये-जा मोकळी झाली, तेव्हा इकडच्या माणसांनी पणजी-मडगावच्या रस्त्यांवर पाहिल्या त्या मर्सिडीज, ओपेल आणि फोक्सवॅगन. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत लोहखनिजाच्या निर्यातीतून तिकडे पैसा आला होता, भारताने नाकेबंदी केलेली असल्याने माल समुद्रमार्गे येई आणि त्यात मोटारीही असत. मुक्तीनंतर कित्येक वर्षे गोव्यात मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या. आमच्याकडे जिल्ह्याच्या एखाद्या कारखानदाराच्या दारात जी दिसली असती, ती तिथे बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेल्या बाईंना म्हापशाहून पणजीला पोचवत होती!

घाटाच्या वरचा आणि खालचा माणूस काही वेगळा नव्हता. नातीगोती एक, देवदेवस्की एक, पुष्कळांची कुलदैवते तर गोव्यातच. वरच्या माणसाला मजबूत खटारा आवडतो आणि खालच्याला जर्मन नजाकत आवडते, असे म्हणण्यात अर्थ नाही. मध्ये होता तो फक्त जकातीचा नाका. म्हणूनच 'भारतीय माणसाला अँबॅसिडर आवडत असे' हे विधान वाचले की मला हसू येते. उपासाच्या दिवशी माणसाला साबुदाणा आवडतो, म्हणण्यासारखे ते आहे. अर्थात गोव्याच्या त्या मोटारींचेही पुढे हालच झाले. आयात थांबल्यावर सुटे भाग येईनात, आणि गोव्यातल्या कारागिरांनी एकाचे दुसऱ्याला जोडून त्या गाड्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. आमच्या मिस्त्रींना त्या लोकांबद्दल मोठा आदर होता. "आमी पार्ट बदलतोय, ती माणसं पार्ट बनवत्यात," असे ते म्हणत.

मिस्त्री या संस्थेबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मोटारीच्या इतिहासात कारखानदार आणि मंत्री येतात, तो मात्र येत नाही. त्या काळातली मोटार विकत घेतली की तिच्यासोबत एक दिनक्रम घरी येई. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर खोलायचा, पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस द्यायचे. उन्हाळ्यात आंबोली किंवा अनमोडचा घाट चढताना इंजिन तापून पेट्रोलची वाफ होई आणि गाडी थांबे. मग पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली वाट पाहायची. आमच्या गाडीत पाण्याचा कॅन आणि ते फडके हे टायरइतकेच आवश्यक सामान होते. अशी गाडी चालवणे म्हणजे एका कारागिराशी आयुष्याचा संबंध जोडणे. त्यामुळे माणूस मोटार निवडत नसे. आधी मिस्त्री निवडी आणि मग त्याची मोटार घेई. अँबॅसिडरवाल्यांचा मिस्त्री वेगळा, तो किर्लोस्कर रोडच्या बाजूला. हेराल्डचे बॉनेट सबंध पुढे उलटे पडत असल्याने काम करायला ती उत्तम, असे सगळेच म्हणत; पण तिचे भाग मद्रासहून यायचे, म्हणून बेळगावात हेराल्ड मोजक्याच. सुंदर गाडी होती. आम्हां मुलांचे मत विचारले असते तर आम्ही तीच घेतली असती.

दुसरा विचार पुढच्या गिऱ्हाइकाचा असे. आमची फियाट वडिलांनी पंधरा वर्षे वापरून १९८८ साली विकली, ती घेतली त्यापेक्षा चार हजार रुपये अधिक घेऊन. रुपयाची किंमत तोवर किती घसरली होती, हा हिशेब कोणी केला नाही. गाडीने 'पैसे खाल्ले नाहीत' एवढेच समाधान. सोने, जमीन आणि फियाट या एका ओळीत बसणाऱ्या वस्तू होत्या. म्हणून रंगही पांढरा किंवा फिकट करडा घ्यायचा. पुढच्याला आवडला पाहिजे ना.

त्या पंधरा वर्षांत गाडी खूप धावली असे मात्र नाही. ती आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध झाले, तेल महागले आणि नोव्हेंबरात पेट्रोलच्या दराने एकदम मोठी उडी घेतली. अटलबिहारी वाजपेयी निषेधादाखल बैलगाडीतून संसदेत गेले ते हेच दिवस. सात वर्षे वाट पाहून आलेली आमची गाडी पुढचे काही महिने कापडाखाली होती, आणि वडील पुन्हा एस.टी.ने खानापूरला जात होते. रविवारी कापड काढून गाडी पुसायची, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवायचे आणि पुन्हा झाकायची. मोटारींची मागणी त्या काळात इतकी कोसळली की रांगा आपोआप आखडल्या. १९७५ साली किमतींवरचे नियंत्रणही उठले.

आता ज्या मोटारीचा नंबर कधीच लागला नाही, तिच्याविषयी. इचलकरंजी आमच्यापासून फार दूर नाही. तिथल्या शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी, ज्यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले होते, चाळीसच्या दशकात स्वतःच्या बळावर एक छोटी मोटार बनवायला घेतली आणि ती रस्त्यावर आणली. पुढची पंचवीस-तीस वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवीत राहिले. 'मीरा' हे तिचे नाव. इंजिन मागे, धातूच्या स्प्रिंगांऐवजी रबराचा उपयोग, आणि सत्तरीच्या दशकात तिची अपेक्षित किंमत बारा हजार रुपये. तेव्हाच्या फियाट-अँबॅसिडरच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडली असती. मोठ्या उत्पादनाचा मार्ग तिला अखेरपर्यंत मोकळा झाला नाही. मीरा चांगली गाडी ठरली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. कदाचित दहा वर्षांत लोकांनी तिला नाकारलेही असते. परंतु नाकारण्याचा हक्कही लोकांना मिळाला नाही, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

योगायोग असा की, स्वस्त मोटार देशात हवी हे सरकारला मान्य होते. १९५९-६० पासून, म्हणजे ल. कां. झा समितीच्या काळापासून, त्यावर समित्या बसत होत्या. १९७० साली वर्षाला पन्नास हजार गाड्यांचे इरादापत्र ज्यांना मिळाले त्यांत पंतप्रधानांचे चिरंजीव संजय गांधी होते. त्या 'मारुती'तून सात-आठ वर्षांत विकण्याजोगी गाडी निघाली नाही, कंपनी दिवाळखोरीत गेली, जनता राजवटीत न्यायमूर्ती गुप्ता आयोग बसला, वगैरे इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९८१ साली सरकारी मारुती उद्योग स्थापन झाला, पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी सोडतीत नंबर लागलेल्या हरपाल सिंग या इंडियन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्याला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या मिळाल्या. किंमत ४७,५०० रुपये. नव्या युगाचा आरंभही सोडतीनेच झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमच्या मिस्त्रींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिले. "इंजिन आडवं बसवलंय. हात कुठं घालू?" असे म्हणून त्यांनी ते मिटवले. लोक तिला काडेपेटी म्हणाले, पत्र्याचा डबा म्हणाले, ट्रकला घासली तर उरणार नाही म्हणाले. आणि त्याच लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. नेहमी सांगितले जाते की ती पेट्रोल कमी खाई, म्हणून खपली. ते खरेच आहे. परंतु मला तिचे यश अधिक खोल वाटते. ती सकाळी किल्ली फिरवली की सुरू होई, आणि घाटात थांबत नसे. ज्या धास्तीपोटी माणूस आजवर मोटार निवडत होता, ती धास्तीच तिने काढून घेतली. मिस्त्रीवरचा विश्वास कंपनीच्या कार्यशाळेकडे गेला. आणखी एक गोष्ट घडली. हलके स्टिअरिंग, पायांशी असलेला गिअर आणि आटोपशीर आकार यांमुळे घरातल्या स्त्रिया ती चालवू लागल्या. माझी थोरली बहीण फियाट कधी शिकली नाही, वडिलांनीही आग्रह धरला नाही. तिच्या यजमानांनी १९८७ साली मारुती घेतली आणि सहा महिन्यांत ती ताईंची गाडी झाली. २०१४ च्या जानेवारीत शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याची अँबॅसिडरही थांबली, पण तिच्या मृत्यूची बातमी मोठी झाली आणि ८०० ची छोटी. पत्रकारांच्या आठवणी आणि सामान्यांच्या आठवणी वेगळ्या असतात, हे त्याचे एक कारण असावे.

मात्र येथवर मी ज्याला सामान्य माणूस म्हणत आलो तो वकील, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी आहे, हे मान्य केले पाहिजे. खऱ्या अर्थाने सामान्य असलेल्या कुटुंबाने फार तर स्कूटरसाठी नंबर लावला. आकुर्डीच्या चेतकची रांग तर मोटारीपेक्षाही लांब. आणि खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला जी मोटार आली ती 'वडाप'. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नऊ-दहा जणांच्या जीपमध्ये किंवा ट्रॅक्समध्ये वीस माणसे, टपावर भाजीच्या पाट्या, मागच्या पायरीवर लोंबणारा पोऱ्या आणि भरल्याशिवाय न सुटणारे वेळापत्रक, म्हणजे वडाप. ते बेकायदा होते, धोक्याचे होते, आणि एस.टी. जिथे दिवसातून दोनदा जाई त्या गावांना दवाखाना आणि बाजार त्यानेच दाखवला. ऐंशीच्या दशकाअखेरीस आलेली ट्रॅक्स आणि १९९४ सालची सुमो (सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे तिला दिली आहेत) यांच्या मालकांचा विचार पाहावा : डिझेल स्वस्त, आसने आडवी टाकता येतात, आणि कोणताही ट्रॅक्टरचा मिस्त्री ती खोलू शकतो. इथे मिस्त्रीचे राज्य संपलेले नव्हते.

१९९३ साली मोटार उद्योगाचा परवाना गेला. त्यानंतरच्या गर्दीत मला रस कमी आहे. कर्जे मिळू लागली, कोरियन कंपन्या आल्या, पुण्यात घडलेली इंडिका १९९८ च्या अखेरीस आली आणि डिझेलच्या हिशेबावर टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. 'घेणे' हे क्रियापद भाषेत परत आले. तरी निवडीवरचा कायद्याचा हात सुटला नाही. तो फक्त दिसेनासा झाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड व लहान इंजिनाच्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, आणि बघता बघता मोटारींच्या शेपट्या छाटल्या गेल्या. मागची डिकी तोडल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या ही कोणा रेखाटनकाराची लहर नव्हे, अर्थखात्याची आहे. आमच्या सीमाभागात तर नंबरपट्टीही विचारात घ्यावी लागते. कर्नाटकाचा आजीवन मोटारकर देशातल्या चढ्या करांपैकी, म्हणून कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या नंबराची गाडी नातेवाइकाच्या नावाने घ्यावी आणि बारा महिन्यांच्या नियमाशी लपंडाव खेळावा, हा इथला जुना उद्योग आहे. त्याचे समर्थन मी करीत नाही. केवळ नोंद करतो.

किंमत हेच कारण असते तर नॅनो घरोघर दिसली असती. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत ती दाखवली तेव्हा एक लाख रुपये ही किंमत जगभर गाजली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटांनी सांगितले होते, आणि ते कुटुंब आपण सर्वांनी पाहिलेले आहे. सिंगूरच्या जमिनीचे आंदोलन, साणंदला स्थलांतर, काही गाड्यांना लागलेल्या आगी, हे सगळे तिच्या वाटेत आले. परंतु मोठी अडचण वेगळीच होती. त्या चौघांच्या कुटुंबाला पाऊस लागू नये असे वाटत होतेच, पण आपण 'सर्वांत स्वस्त' गाडी घेतली हे शेजाऱ्याला कळू नये असेही वाटत होते. स्वस्त म्हणून तिची जाहिरात झाली ही चूक होती, असे पुढे टाटांनीच कबूल केले. त्या कुटुंबाने जुनी मारुती घेतली. २०१८ साली नॅनोचे उत्पादन थांबल्यातच जमा झाले.

आणि मग वारे फिरले ते असे की, २०२४ साली देशात सर्वाधिक खपलेली मोटार चाळीस वर्षांत प्रथमच मारुतीची नव्हती; टाटांची पंच होती. उंच, चौकोनी, जीपसारखा आव आणणारी. आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक या उंच जातीच्या आहेत. पुण्यात असणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या वर्षी अशीच एक घेतली. मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "मामा, एक तर अपघाताच्या चाचणीत तिला पाच तारे आहेत. आणि दुसरं म्हणजे पावसात रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा उंच बसलेलं बरं." गाडी आपटली तर माणूस वाचेल का, हा प्रश्न आमच्या घरात १९६६ साली कोणाला सुचला नव्हता. आमच्या फियाटला पट्टेसुद्धा नव्हते. तिच्या गाडीचे बॉनेट तिने अजून उघडलेले नाही, हेही तिने सहज सांगितले.

गणपतीला ती ते वाहन घेऊन बेळगावला आली तेव्हा आम्ही गोवावेशीतून गेलो. मिस्त्रींची जागा तिथेच आहे. त्यांचा नातू आता चाकांचे संतुलन करून देतो आणि आसनांची आवरणे विकतो. इंजिनाचे काम घेत नाही. भिंतीवर आजोबांची तसबीर आहे आणि तिच्याखाली फियाटची एक स्टीलची जाळी, कोणत्या गाडीची ते त्यालाही ठाऊक नाही. भाचीने हवा भरून घेतली. मी उतरून ती जाळी जवळून पाहिली. आमची नव्हती, आमच्या गाडीच्या जाळीला उजवीकडे एक पोचा होता.